बुधीनं लावलेली लग्नं

सिनेमात सरूबाई वरठा आजवर किती वेळा मेली, असं कुणी विचारलं तर ती बोटं मोजायला घेते आणि दुसऱ्या हातावर गेली की नाद सोडते. दोनदा तिला जिवंत जाळलं. एकदा विहिरीत ढकललं; ती विहीर प्लायवूडची होती आणि आत गादी टाकायला माणसं विसरली होती, त्याचा राग तिला अजून आहे. एका सिनेमात हिरोनं नुसतं गळ्यातलं लॉकेट पुढं धरलं आणि सरूबाईनं धूर होऊन जायचं होतं. धूर विड्या ओढणाऱ्या तीन स्पॉटबॉयांनी टेबलाखाली बसून काढला.

वरसाव्याच्या मागं, डोंगर सुरू होतो तिथं, वारल्यांचा तीसेक घरांचा पाडा आहे. सरूबाई तिथली. घोडबंदर रोडच्या आजूबाजूला शूटिंगचे बंगले, शेड, उघडी मैदानं यांची कमी नाही, आणि भुतांना जंगल लागतं, ते पाड्याला चिकटूनच आहे. चोवीसेक वर्षांपूर्वी भाईंदरचा विपुल नावाचा माणूस पाड्यावर आला. सिनेमाला गर्दीतली माणसं पुरवणं हा त्याचा धंदा. त्यानं सरूबाईचा चेहरा पाहिला, तोंडातला मावा बाजूला सरकवला आणि म्हणाला, "मासी, आप तो रेडीमेड हो." तेव्हापासून त्याचा फोन आला की मजकूर एकच. "मासी, कल सुबह छे बजे, चुडैल का काम छे, टिफिन मिलेगा."

टिफिन मिळायचा, हे मात्र खरं.

पहिल्यांदा तिला ‘आदिवासी बाई’ म्हणून बोलावलं तेव्हा ती चांगली फुलाफुलांची साडी नेसून, पर्स काखेत मारून गेली. कपडेवाल्यानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि परत पाठवायला निघाला. "ये आदिवासी नहीं लगती," म्हणाला. मग तिच्या सावळ्या अंगाला आणखी काळा रंग फासला, डोक्यावर पिसं खोचली, गळ्यात थर्माकोलची हाडं घातली आणि ती आदिवासी झाली. ती पिसं नया नगरच्या साहिल टेलरनं शिवली होती. तो एरवी नवरदेवांच्या शेरवान्या शिवतो, त्यामुळं उरलेल्या टिकल्या त्यानं मोठ्या मनानं पिसांवर लावल्या होत्या. सिनेमातल्या आदिवासीला भाषा नसते. तो जाळाभोवती भाला घेऊन नाचतो, ‘हुआ हुआ’ करतो आणि पाहुण्यांना शिजवायला निघतो. सरूबाई हे सगळं मन लावून करायची आणि दुपारी बस पकडून घरी येऊन नळावर रंग घासायची.

एक गोष्ट मात्र तिनं कधी केली नाही. आपला एकही सिनेमा तिनं पाहिला नाही. मेलं, टिफिन खाल्ला, घरी आलं, संपलं. पुढं त्या चेटकिणीचं काय होतं याची तिला काडीची पर्वा नव्हती. बावीस वर्षं हे ठीक चाललं. तेविसाव्या वर्षी अंगाशी आलं.

त्या वर्षी प्रणय नावाचा दिग्दर्शक आला. वय तिशीचं, दाढी पिकल्यासारखी दिसावी म्हणून घेतलेली मेहनत, आणि बोलताना समोरच्याचा हात हातात धरायची खोड. "मावशी, मला त्या पिसांची लाज वाटते," तो पहिल्याच दिवशी म्हणाला. "आपल्या सिनेमात तुमची माणसं माणसं असतील." सरूबाईला हे ऐकून बरं वाटलं. माणूस असण्याचा प्रस्ताव तिला धंद्यात पहिल्यांदाच आला होता.

त्यानं गोष्ट सांगितली. जंगलात राहणारी एक बाई असते. बिल्डर डोंगर खणायला येतात आणि ती त्यांना पळवून लावते. लोक तिला घाबरतात पण ती खरी राखणदार असते. तरुणपणीची बाई संजना नावाची नटी करणार, म्हातारपणीची सरूबाई. "फक्त नाव हवंय," प्रणय म्हणाला. "जुनं, खरं, मातीतलं. तुमच्या घरातलं चालेल."

 सरूबाईच्या तोंडून निघालं, "बुधी."

बुधी म्हणजे तिची आई. बुधवारी जन्मली म्हणून बुधी. विक्रमगडच्या बाजूला खांडपाडा नावाचं गाव, तिथं ती धवलेरी होती. वारल्यांचं लग्न भटजी लावत नाही. बाई लावते, गाणं गाऊन. तीच धवलेरी. भिंतीवर तांदळाच्या पिठानं देवीचा चौक लिहायचा, त्याच्यापुढं जोडप्याला उभं करायचं आणि धवलेरीनं गाणं पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत म्हणायचं. गाणं संपलं की लग्न लागलं. खांडपाड्यात बारा वर्षं जेवढी लग्नं लागली तेवढी बुधीच्या गळ्यातून लागली. मग एका घरातलं महिन्याचं पोर तापानं गेलं. भगतानं दाणे टाकले, विचारलं घरात कोण येऊन गेलं, आणि नाव निघालं बुधीचं. भुताळी. पहाटे गावानं दोघींना हाकललं तेव्हा सरू नऊ वर्षांची होती. आईच्या डोक्यावर एक हंडा होता आणि त्यात काहीच नव्हतं, हे सरूबाईला अजून आठवतं, कारण तिनं चालता चालता आत हात घालून पाहिलं होतं.

वरसाव्याला येऊन बुधी खाडीवर रेतीच्या पाट्या उचलायला लागली. इथं तिनं कुणाला नाव सांगितलं नाही. मरेपर्यंत ती पाड्यावर ‘सरूची आयस’ म्हणूनच राहिली. गाणं चुलीपुढं बसून, तेही भाकरी थापण्याच्या आवाजाखाली दाबून म्हणायची. ते सरूच्या कानात बसलं, पण तिनं बाहेर कधी तोंड उघडलं नाही. आईनं तंबीच दिली होती, या गाण्यानं आपलं घर गेलं.

म्हणजे पन्नासहून जास्त वर्षं ते नाव कुणी मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. आणि प्रणयच्या माणसानं जंगलात भोंग्यावरून हाक मारली, "बुधी रेडी? बुधीला पाणी द्या!" तेव्हा सरूबाई रंगरंगोटीत बसल्या बसल्या रडली. संजना धावत आली, टिश्यू पेपर देऊन म्हणाली, "आन्टी, इतनी जल्दी कैरेक्टर में घुस जाती हो?" बिचारी स्वभावानं चांगली होती. तिला तपकिरी करायला रोज चार तास लागायचे आणि ती घाम येऊ नये म्हणून पंख्यापुढं पुतळ्यासारखी बसायची.

शूटिंग आटोपलं. वर्ष गेलं. त्या वर्षात सरूबाईच्या घरात दुसरीच गडबड उडाली. नात चांदणी, जिला तिनंच वाढवलं, ती दिपेश नावाच्या पोराला घरी घेऊन आली. पाण्याचा टँकर चालवायचा, उंच, लाजरा, आणि चांदणी बोलत असली की तिच्या तोंडाकडं बघत बसणारा. सरूबाईला पोरगा आवडला. तिनं विचारलं, "गाव कंचं तुझं?"

"खांडपाडा, विक्रमगडकडं," तो म्हणाला.

सरूबाईनं चहाचा कप खाली ठेवला. मग उचलला आणि चहा पिऊन टाकला.  पोरीच्या चेहऱ्यावरचं हसू बघून तिची सांगायची हिंमत झाली नाही, आणि तिनं स्वतःला समजावलं की इतक्या वर्षांनी कोण कशाला उकरतंय. साखरपुड्याची बोलणी सुरू झाली.

आणि सिनेमा आला. थेटरात नाही, मोबाईलवर. नाव ‘बुधी’. पोस्टरवर संजनाचे लाल डोळे.

मधल्या काळात निर्मात्यांनी गोष्ट तपासली होती. बिल्डर वाईट दाखवायचे म्हटल्यावर त्यांच्यापैकी दोघांच्या पोटात दुखलं, कारण ते बिल्डरच होते. तेव्हा डोंगर खणणाऱ्यांचं काढून टाकलं आणि बुधी तान्ही बाळं खायला लागली. सरूबाईचे जंगलात उभं राहून वर बघतानाचे शॉट होते, तिथं खाली रडणारं पोर जोडून दिलं. झालं. प्रणयला वाईट वाटलं असणार. वाईट वाटायला त्याला फार वेळ मिळाला नाही, कारण सिनेमा तुफान चालला.

आठवड्याभरात काशीमिऱ्याच्या नाक्यावर एखादी लुगडं नेसलेली म्हातारी दिसली की रिक्षावाले एकमेकांना म्हणायला लागले, "संभाल, बुधी आयी." पाड्यावरची पोरंही ओट्यावर बसून ओरडायची, बुधी आली, बाळं खाल्ली. सरूबाई पाण्याचा हंडा घेऊन जाताना हे ऐकायची. आपल्या आईला एकदा एका गावानं भुताळी केलं होतं. आता आपण तिला देशभर करून आलो. तेही दोन टिफिनांवर.

त्यात आणखी एक घोळ होता. सिनेमा संपल्यावर नावं येतात ती कुणी वाचत नाही, पण दिपेशच्या आजीनं नातवाकडून वाचून घेतली. तिथं लिहिलं होतं, ‘बुधी हे नाव आणि प्रेरणा : श्रीमती सरूबाई वरठा, वरसावे.’ इतक्या वर्षांत पडद्यावर पहिल्यांदा तिचं नाव आलं, आणि नेमकं तिथं आलं.

दिपेशची आजी लाडकीबाई धोदडे, वय सत्तरच्या पुढं, अख्खा खांडपाडा तिला टरकून. तिचा निरोप आला. "हे बुधीचं नाव सिनेमावाल्याला दिलं कुनी, कशापायी दिलं, ते सरूबाईनं मला तोंडावर सांगावं. तवर लगीन न्हाय."

चांदणीला काहीच कळेना. "आजी, नावावरून काय एवढं? सिनेमाच आहे ना?"

"व्हय," सरूबाई म्हणाली. "सिनेमाच हाय."

त्याच दिवसांत प्रणयचा फोन आला. आवाज उकळत्या दुधासारखा वर येत होता. "मावशी, आपल्याला अवॉर्ड! तीन!" भुताखेतांच्या सिनेमांना दरवर्षी बक्षिसं देणारी एक संस्था होती, तिचा सोहळा यंदा घोडबंदर रोडवरच्याच एका लॉनवर होता. पहिलं बक्षीस संजनाला, आदिवासी स्त्री साकारल्याबद्दल. दुसरं, तिला आदिवासी रंगवणाऱ्या मेकअपवाल्याला. आणि तिसरं खास परीक्षकांचं, ‘आदिवासी संस्कृतीचं अस्सल दर्शन’ घडवल्याबद्दल. ते प्रणय घेणार होता आणि शेजारी सरूबाई उभी राहणार होती. "आणि मावशी, कॉस्च्युममध्येच या हां. पिसंबिसं घालून."

"तुला पिसांची लाज वाटते ना?" सरूबाईनं विचारलं.

"फोटोपुरती हो," प्रणय म्हणाला.

ती जाणारच नव्हती. पण चांदणीनं चार पास आधीच हातात पाडून घेतले होते आणि दिपेशला सांगितलं होतं की तुझ्या आजीला घेऊनच ये. आपल्या आजीला स्टेजवर बक्षीस घेताना पाहिलं की ती म्हातारी वितळेल, असा तिचा हिशोब. तिला बिचारीला काय माहीत.

सरूबाईनं आठवडाभर एक खोटं घोटून घोटून पाठ केलं. नाव सिनेमावाल्यानंच काढलं, मला त्यातलं काय ठावं, लिहिताना चुकलं असंल. एवढं म्हटलं की चांदणीचं लग्न वाचत होतं. प्रणयला विचारलं तर तोही मान हलवेल, त्याला मान हलवायची सवयच होती. राहता राहिली आई. ती मेली होती, आणि मेलेल्या माणसाला लग्नाचं वय झालेली नात नसते. सरूबाईला हे सगळं पटत होतं आणि जेवण जात नव्हतं.

सोहळ्याच्या संध्याकाळी ती आपली जांभळी साडी नेसून गेली. प्रणयनं पाठवलेली पिसं पिशवीत होती. लॉनवर सकाळीच कुणाचंतरी लग्न होऊन गेलेलं, त्यामुळं स्टेजवर झेंडूचा मांडव तसाच होता आणि मागच्या पडद्यावर थर्माकोलची ‘किंजल वेड्स’ एवढी अक्षरं उरली होती. नवरदेवाचं नाव काढून माणसं चहाला गेली असावीत. मांडवाच्या दोन्ही खांबांना प्लास्टिकच्या कवट्या टांगल्या होत्या. अशी भुताची वरात सरूबाईनंही कधी पाहिली नव्हती.

प्रणयनं तिला साडीत पाहून कपाळाला हात लावला. "मावशी, निदान डोक्यावरचं तरी!" तिनं पिशवीतून पिसांचा मुकुट काढला. तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं आणि ती मुकुट हातात घेऊनच पायऱ्या चढली.

निवेदिका हेमाली चकचकीत घागऱ्यात होती. तिनं प्रणयला कवटीच्या आकाराची पितळी ट्रॉफी दिली, दुसरी छोटी सरूबाईला दिली, ती तिनं काखेत मारली. प्रणय बोलला. मुळं, माती, आवाज नसलेल्यांचा आवाज, असं बरंच बोलला. आवाज नसलेली बाई शेजारी उभी राहून प्रेक्षकांत बघत होती. तिसऱ्या रांगेत चांदणी, तिच्याशेजारी दिपेश, आणि त्याच्यापलीकडं हिरव्या लुगड्यातली, ताठ बसलेली लाडकीबाई. तिच्या हातात पनीरचा तुकडा खोचलेली काडी होती आणि ती खात नव्हती. टक लावून सरूबाईकडं बघत होती.

"अम्मा," हेमालीनं माईक पुढं केला, "वो जो डरावना मंत्र आप फिल्म में बोलती हैं, एक बार हमारे लिए? और बताइए, ये बुधी सच में थी?"

खोटं तोंडात तयार होतं. सरूबाईनं माईक हातात घेतला. दुसऱ्या हातातल्या मुकुटाची अडचण व्हायला लागली, तशी तिनं तो प्रणयच्या डोक्यावर ठेवून दिला. लोक खदखदून हसले. हसण्यामुळं असेल किंवा माईक हातात आल्यामुळं असेल, ते आठवडाभर घोटलेलं खोटं कुठं गेलं ते तिला सापडेना.

"व्हती," ती म्हणाली. "बुधी माझी आयस."

 हेमालीला वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग आहे, म्हणून तिनं एकटीनं टाळ्या वाजवल्या.

"ती पोरं खात नव्हती. लग्नं लावायची. मंतर मला येत न्हाय, तो मी शूटिंगला असाच कायतरी बडबडले. गाणं येतं. आयशीचं. ते म्हनते." मग ती प्रणय आणि हेमालीकडं वळली. दोघं झेंडूच्या मांडवाखाली खांद्याला खांदा लावून उभी होती, एकाच्या डोक्यावर पिसं. "तुमी दोघं आधी लांब उभे ऱ्हा. मधी माणूस मावंल एवढं. न्हायतर गाणं संपताना लगीन लागंल, मग माझ्या नावानं बोंबलू नका."

हसण्याचा मोठा लोंढा आला. पण हेमाली खरोखरच चार पावलं सरकली, हे सगळ्यांनी पाहिलं.

सरूबाई गायली. चवूक लिव्हला गं बाय, चवूक लिव्हला. आवाज म्हातारीचा, थोडा चिरका, एका सुरात लांब जाणारा. तिनं हे गाणं आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं होतं. सुरुवातीला ताल चुकत होता. मग तिला आईचा भाकरी थापणारा हात आठवला आणि ताल सापडला. दोन मिनिटांनी मागून कुणीतरी वेळेची खूण केली. तिनं तिकडं पाहिलंही नाही.

मध्येच थांबली. पुरं केलं नाही, कारण पुरं करायचं तर समोर नवरानवरी लागतात. मग तिसऱ्या रांगेकडं बोट करून म्हणाली, "खांडपाड्यात बारा वर्सं सगळी लग्नं माझ्या आयशीनं लावली. मंग तुमी म्हनलात, भुताळी. हाकललंत. मला एवढंच इचारायचं हाय. ती भुताळी व्हती, तर तुमची लग्नं लावली कुनी? तुमची पोरं-नातवंडं कुनाची म्हनायची?"

एवढं बोलून तिनं माईक हेमालीच्या हातात दिला आणि पायऱ्या उतरली. खाली येईपर्यंत तिच्या लक्षात आलं की आपण नातीचं लग्न मोडून आलो.  चांदणी समोर उभी होती, डोळे पाण्यानं भरलेले. "आजी, मला का नाही सांगितलंस?" एवढंच ती म्हणाली. 

जेवणाच्या टेबलांच्या मागं, आईस्क्रीमवाल्याच्या शेजारी लाडकीबाईनं तिला गाठलं. पनीरची काडी अजून हातात होती. सरूबाईनं मनाशी ठरवलं, आता हिनं तोंड सोडलं तर आपणही सोडायचं.

"ते मेलेलं पोर माझं व्हतं," लाडकीबाई म्हणाली.

सरूबाईनं काखेतली कवटी हातात घेतली.

"पयलं. माझं लगीन बुधीनंच लावलं व्हतं. पोर झालं तवा बघाया आली, गूळ घेऊन. पोर गेलं. भगत इचारतो, कोण आलं व्हतं घरी? धा जणं आली व्हती. मी इकोणीस वर्सांची, डोकं ठिकाणावर न्हाय. मी म्हनलं, बुधी." तिनं काडी आईस्क्रीमवाल्याच्या टेबलावर नीट ठेवली. "सिनेमात नाव ऐकलं तवा वाटलं, ती मला शोधीत आली."

सरूबाईला संताप आला. इतका, की हातातली पितळी कवटी तिच्या डोक्यात घालावी. तिला तो रिकामा हंडा आठवला, खाडीतली रेती आठवली, आईच्या खांद्यावरची घट्टे पडलेली कातडी आठवली. "धा जणांत तुला तीच सापडली?" ती ओरडली. आईस्क्रीमवाला दोन पावलं मागं सरला.

"ती एकटी व्हती," लाडकीबाई म्हणाली. "बाकीच्यांना घरधनी व्हते."

 स्टेजवर कुणीतरी तिसऱ्या क्रमांकाचं भूत म्हणून बक्षीस घेत होतं. शेवटी लाडकीबाई पदरानं नाक पुसत म्हणाली, "पोरांचं लगीन खांडपाड्यात व्हईल. तूच लाव."

"मी तुला माफ केलेलं न्हाय," सरूबाई म्हणाली.

"मी मागितली कुठं?" म्हातारी म्हणाली. "लगीन लाव म्हनते."

प्रणयचा फोन दुसऱ्याच दिवशी आला. भाषण मोबाईलवर फिरत होतं, लाखभर लोकांनी पाहिलं होतं, निर्माते वेडे झाले होते. भाग दोनमध्ये बुधी लग्नं लावणार आणि तिनं लावलेली प्रत्येक जोडी पहिल्या रात्री मरणार. "मावशी, ते गाणं तुम्ही आम्हाला पूर्ण म्हणून द्याल?"

"देते," सरूबाई म्हणाली. "तू आनि तुझा निर्माता, दोघं हात धरून उभे ऱ्हा. पुरं म्हनते." त्यानंतर विपुलचेही फोन तिनं महिनाभर उचलले नाहीत. कवटी घराच्या दाराला लावली, वाऱ्यानं दार आपटायचं ते थांबलं.

लग्न फेब्रुवारीत लागलं. दिपेशच्याच टँकरमधून वरसाव्याची माणसं खांडपाड्याला गेली, केबिनमध्ये म्हाताऱ्या आणि मागं टाकीला धरून तरणी पोरं. सरूबाई गावाच्या शिवेवर उतरली आणि थोडी चालली. तिला वाटलं होतं रडू येईल. रस्ता डांबरी झाला होता, घरांवर डिश होत्या, काहीच ओळखू येईना, म्हणून रडूही आलं नाही.

भिंतीवर चौक लिहून तयार होता. गाव जमलं होतं, पण जरा लांब लांब. म्हातारी माणसं सरूबाईकडं बघायची आणि नजर वळवायची. वारल्यांत एक गंमत आहे. लग्नाचा खर्च झेपत नाही म्हणून पुष्कळ जोडपी तशीच संसार थाटतात आणि लग्न राहून जातं. मग पोरांच्या मांडवात आईबापांचंही उरकून घेतात. त्याप्रमाणं चांदणी आणि दिपेशच्या शेजारी दिपेशचे आईबाप उभे होते, सत्तावीस वर्षं संसार केलेले, हळद लावून लाजलेले. दोन जोड्या. सरूबाईनं पाणी प्यायलं, घसा साफ केला आणि तोंड उघडणार, तेवढ्यात गर्दी हलली.

लाडकीबाई आपल्या म्हाताऱ्याला दंडाला धरून ओढत आणत होती. त्याला कमी ऐकू यायचं, कशासाठी ओढतायत ते त्याला कळत नव्हतं आणि तो जेवणाची पानं कुठं मांडलीत ते शोधत होता. तिनं त्याला तिसरी जोडी म्हणून चौकापुढं उभा केला, स्वतः शेजारी उभी राहिली आणि गावाकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाली,

"माझं लगीन बुधीनं लावलं. मंग मीच तिला भुताळी म्हनलं. म्हंजे माझं लगीन खोटं. सरू, लाव परत."

 मागं बसलेल्या तीन-चार म्हाताऱ्या आपापल्या नवऱ्यांकडं बघायला लागल्या. सरूबाईनं लाडकीबाईकडं पाहिलं. हळद न लावलेलं, सुरकुतलेलं, हट्टी तोंड. ती हात जोडत नव्हती, रडत नव्हती, नुसती म्हाताऱ्याचा दंड घट्ट धरून वाट बघत होती.

"तुमचं लागलंय," सरूबाई म्हणाली. "माझ्या आयशीनं लावलंय. बसा खाली."